घागरीवर मिळवलेली पत्ती

आत्या, आजपासून मी तुले परत 'तू' म्हनते. लगन व्हायच्या आगुदर तू माही सख्खी आत्या होती, माह्या बापाची बहीन, अन् मी तुह्या मांडीवर बसून तुलेच चिमटे काढत होती. मंग तुह्याच लेकासंगं माहं लगन लागलं, अन् उंबरठ्यावरचं माप लवंडल्याबरोबर तू कानात म्हनली, "आता आत्याबाई म्हनाचं, अन् तुमी म्हनाचं. लोक आयकतात." म्हनलं, बरं. इतकी वर्सं तोंड आवळून 'तुमी' म्हनलं. आता आयकाले तूच नाई, तं मी कोनाची भीड धरू?

आज तुही तेरवी झाली. मान्सं जेवून गेली, किन्हीराजाच्या पाहुन्याची बैलबंडी आताच वळनाआड गेली. अंगनात पत्रावळी पडल्या हायेत अन् कुत्रे भांडून राह्यले. मी तुह्या जाग्यावर येऊन बसली, न्हानीच्या भिंतीशी, जिथं दुपारची सावली पडते. पुढ्यात तुही पितळीची घागर हाये. आज देवापाशी काय झालं ते तुले सांगाचं हाये. पन तुले मालूम हाये, मी कोनतीच गोष्ट शेपटाकडून सांगत नाई. तू असती तं म्हनली असती, "आवर, चुलीवर दूध हाये." आज दूध नाई. आज तुले सारं आयका लागते.

आपल्या घरची रीत अशी, का सनई वाजवनारा मानूस गेला का त्याची शेवटली पत्ती, सनईच्या तोंडाशी बसवाची नळाची जिभली, देव्हाऱ्यात ठेवाची. दसऱ्याले सनया पुजतात, तवा त्या पत्त्यायलेबी हळदकुंकू लागते. मामाजीची, तुह्या मालकाची, पत्ती तिथं हाये, त्यायच्या बापाची हाये. तू बिछान्यावर पडल्या पडल्या जे पत्ती तासली, ते तू गेली त्या दिवसापासून माह्या पदराच्या गाठीत होती. तिले देवात जागा भेटन का नाई, येवढाच घोर माह्या जिवाले होता. रडाले बी फुरसत नव्हती त्या घोरापायी.

कारन दुसरी रीत तुलेबी मालूम हाये. आपल्यात बाईनं पत्ती करावी, नुसती पत्ती तोंडात धरून वाजवून पाहावी, पन सनईले तोंड लावू नाई. काहून, ते कोनालेच सांगता येत नाई. म्या एकदा तुले इचारलं तं तू म्हनली, "रीत हाये," अन् माह्याकडं असं पाह्यलं जसा म्या भाकरीले पाय लावला.

तू पत्ती कराले कशी शिकली, ते मामाजी रंगात आले का सांगत. पयले पत्त्या बाहेरून येत. मंगरूळच्या उरसात एक बुढा कारागीर दर्ग्याच्या भिंतीले पाठ लावून बसे, त्याच्याकडून मामाजी वर्साच्या पत्त्या आनत. एका साली तो बुढा दिसला नाई. त्याचा लेक म्हने, अब्बा गेले, अन् मले ते काम येत नाई. मामाजी रिकाम्या हातानं घरी आले. त्यायनं स्वता करून पाह्यलं, बोट कापलं, अन् चाकू गोठ्यात फेकला.

तू दुसरा चाकू घेतला. कोनाले इचारलं नाई. घरात होती नव्हती ते जुनी पत्ती वाटीत भिजवली, तिचा दोरा सोडला, तिले उलगडली अन् पाहत बसली. मामाजी वरडले, "येकच तं होती घरात, तेबी मोडली तुनं." तू म्हनली, "मोडल्याबिगर आत काय हाये ते समजत नाई." हे सांगताना मामाजी हासत, पन त्यायच्या डोळ्यात तुहा धाक दिसे अन् कवतिकबी दिसे. तोंडावर मातर त्यायनं तुले कवा चांगलं म्हनलं नाई. म्हनून आज मी म्हनून राह्यली. तुह्यासारखी जिद्दीची बाई म्या पाह्यली नाई, आत्या.

पयल्या साली तुनं नदीकाठचा देवनळ हिरवाच कापून आनला, तं वाळून त्याच्या सुरकुत्या झाल्या. दुसऱ्या साली लय उशीर केला, तं चाकू लावला का उभा चिरे. मंग तुले समजलं, तुरा पांढरा पडला अन् देठ अजून पिवळा हाये, तवा कापाचा. कापून चुलीवरच्या माळ्याले बांधाचा, धूर खाऊ द्याचा. मी सून होऊन आली तवा ह्या घरात भाजीलेबी नळाचा वास येत होता. माह्या मायनं इचारलं, सासर कसं हाये? म्या म्हनलं, धुरकट हाये.

पन तुही खरी हुशारी घागरीत होती. पत्ती केली तं ते सनईवर लावून पाहा लागते. तुले सनईले तोंड लावाले मनाई, अन् मामाजी लग्नसराईत गावोगाव. वापस येत अन् म्हनत, ही मुकी हाये, ही चिरकते, ही चढी हाये. तू कट्टाळली. येक दिवस त्यायच्या पुढं घागर ठेवली अन् म्हनली, "तुमचा सूर घरात ठेवून जा." मामाजी म्हने, बाई पागल झाली. तू म्हनली, "तुमी वाजवा." ते एकच सूर धरून बसले अन् तू फुलपात्रानं घागरीत पानी वतत गेली, चाकूच्या मुठीनं घागर ठोकत गेली. पानी चढलं का घागरीचा आवाज उतरे. उतरता उतरता ते नेमकी मामाजीच्या सुरावर आली, तवा तू हात थांबवला अन् पान्याच्या रेघेवर आत खिळ्यानं खून केली. तवापासून खुनेपर्यंत पानी भराचं, घागर ठोकाची, अन् तोंडातली पत्ती त्या आवाजाले मिळवाची. नुसती पत्ती बदकाच्या पिलावानी वरडते, पन त्या वरडन्यातबी सूर असते, हे तुनं मले दाखवलं. मामाजी दूर अनसिंगच्या मांडवात असोत का मंगरूळच्या संदलात, त्यायचा सूर इथं न्हानीपाशी भरून ठेवलेला होता.

मले शिकवताना तू लय वंगाळ वागली, हेबी सांगते. लाड नाई, शाबासकी नाई. म्या पत्ती तुह्या हातात द्याची, तू तोंडात धरे, येकदा फुंकर मारे, अन् न बोलता चुलीत टाके. मंग त्याच चुलीवर चहा ठेवे अन् म्हने, "घे, तुह्या पत्तीचा चहा झाला." माही जीभ कापली, बोटाले दोऱ्याचे वळ पडले. येक दिवस माह्या डोक्यात सनक गेली अन् म्या चाकू अंगनात फेकला. तू वरतं पाह्यलंबी नाई. म्हनली, "तुह्या मामाजीनंबी फेकला होता. तो अजून गोठ्यात सापडला नाई. हा दिसून राह्यला, उचलून घे." मले रागात हासू आलं. म्या उचलला. अन् ज्या दिवशी तुनं माही पत्ती चुलीत न टाकता दोऱ्यात ओवली, त्या दिवशी म्या दिवसभर उगाच घरातून बाहेर अन् बाहेरून घरात करत होती. तू म्हनली, "काय फिरून राह्यली, भाकरी टाक."

मंग मामाजी गेले. सनई तुह्या लेकाकडं आली. मामाजीची पत्ती देवात गेली. तू कुंकू पुसलं, बांगड्या काढल्या, अन् चौथ्या दिवशी घागर भरून पत्ती तासाले बसली. बाया नावं ठेवत, काय बाई हाये. मले तवा समजलं होतं तू काहून बसली. घागर ठोकली का त्यायचा आवाज येत होता.

आता घागरीची गोष्ट. इथं आपलं भांडन हाये अन् ते मिटलं नाई, म्हनून मी माह्या बाजूनं सांगते. बैलानं लाथ मारली, घागरीले पोचा आला. पोचा आलेलं भांडं तुले घरात खपत नव्हतं. गावात भांडे ठोकनारा आला तं तुनं घागर त्याच्यापुढं ठेवली. त्यानं पोचा काढला, वरून चिंचेनं घासून लखलखीत करून देल्ली. तू खूश झाली. खुनेपर्यंत पानी भरलं अन् त्या हिवाळ्यातल्या साऱ्या पत्त्या त्या घागरीवर मिळवल्या.

घरी तुह्या लेकानं एकट्यानं वाजवली तं सनई गोडच वाटली. पन अनसिंगच्या लग्नात संपतकाका संगं बसले, मामाजीचे धाकटे भाऊ, जे जलमभर मांगून नुसता सूर धरत आले. त्यायच्याकडं जुनी पत्ती होती, तुह्या लेकाकडं नवी. दोघायचं काई केल्या जमेना. काकानं जोर लावून लावून आपला सूर जुळवाले पाह्यला, तं त्यायची जुनी पत्ती उभी चिरली. ताशावाले हासले. नवरीच्या बापानं हात जोडून सनई बंद करा म्हनलं, अन् सारं लगन नुसत्या डफड्यावर लागलं. दोघं घरी आले तवा त्यायनं सनया खुंटीले टांगल्या अन् भिंतीकडं तोंड करून निजले.

तू म्हनली, नळ खराब होता. म्या म्हनलं, नळ नाई, घागर. तू म्हनली, घागर तीच हाये. म्या म्हनलं, तीच हाये पन पयल्यासारखी बोलत नाई, ठोकून पाहा. तू ठोकली नाई. तुले ठोकाची हिंमत नव्हती, आत्या, म्या पाह्यलं. तू साऱ्या पत्त्या चुलीत घातल्या, जेवली नाई. मंग दुसऱ्या दिवशी सकाळी, मी झाडत होती तवा, तू घागरीपाशी बसली अन् येकदाच ठोकली. अन् रडली. मामाजी गेले तवाबी अशी रडली नव्हती. म्हनली, "पोरी, त्यायचा सूर म्या माह्या हातानं ठोकून घेतला." मी झाडू टाकून तुह्यापाशी बसली.

तरीबी घागरीची गोष्ट पयले म्या काढली, हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाई. कोनी इचारलं का म्हने, मले समजलं. तुले नाई समजलं, आत्या. मले समजलं.

मंग तो मालेगावच्या बजाराचा दिवस. तुहा लेक अन् संपतकाका बजाराले गेले. तुनं आंग धुतलं, देव्हाऱ्यापुढं हात जोडले अन् मामाजीची पत्ती उचलून वाटीत भिजू घातली. म्या म्हनलं, "आत्याबाई, ह्ये काय करून राह्यल्या? त्यायले येऊ द्या, ते वाजवतीन." तू म्हनली, "तो बापाची देवातली पत्ती तोंडाले लावनार नाई. पाप हाये तं मले लागू दे. नुसती पत्ती हालता सूर देते, सनईतच तो ठाम राह्यते. तू घागर घे."

तुनं खुंटीवरची सनई काढली. पदर डोक्यावरून नीट घेतला, जसं पाहुन्यापुढं जायाचं हाये. तोंडाले लावली अन् फुंकली, तं नुसती हवा गेली. परत फुंकली, तरी हवाच. मले तुही कीव आली. अन् मंग मामाजीचा सूर निघाला. ह्या घरात, दुपारी, जसाच्या तसा. तू डोळ्यानं मले दटावलं, का पानी वत. मी फुलपात्रानं वतत गेली, ठोकत गेली. तुह्या मानेच्या शिरा फुगल्या, पन तुनं सूर सोडला नाई. घागर उतरत उतरत आली अन् जुळली. म्या खिळ्यानं नवी खून केली, जुनीच्या बोटभर खाली.

काम झालं होतं. तू थांबाले पाह्यजे होतं. तू थांबली नाई. नवरीच्या पाठवनीले मामाजी जे वाजवत, ते तू वाजवलं. बोटं चाचपडत होती, मधातच दम तुटत होता, तरी वाजवलं. तू ते कवा शिकली ते तुले इचाराचं राह्यलं. मंग पत्ती पुसली, देवात ठेवली, सनई टांगली, अन् माहा हात गच्च धरला. "कोनाले सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाह्यशीन. अन् संपतरावाले तं आजिबात नाई." काकाचा धाक तसाच होता. सनई ओलांडली म्हनून त्यायनं सख्ख्या भाच्याले पंगतीतून उठवलं होतं.

त्या सालच्या पत्त्या निघाल्या अन् दोघायचा सूर असा जुळला का मंगरूळच्या संदलात लोक म्हने, बुढ्याची सनई वापस आली. तू घरी आयकलं अन् म्हनली, "भाकरी टाक."

म्या कोनाले सांगतलं नाई, आत्या. तुह्या लेकालेबी नाई. तरी तुहं मेलेलं तोंड मले पाहाच लागलं.

आज नैवेद्य दाखवून झाला तवा म्या पदराची गाठ सोडली अन् तुही पत्ती देव्हाऱ्याच्या काठावर ठेवली. मंगरूळचे भाऊबंद समोरच बसले होते. ते म्हनले, "ह्ये काय?"

म्या म्हनलं, "आत्याबाईची पत्ती."

"वाजवनाऱ्याची ठेवतात, पोरी. करनाऱ्याची नाई. बाईनं कवा वाजवली?"

तुह्या लेकानं मान खाली घातली. माह्या जिभेवर आलं होतं. सांगतलं असतं तं पत्तीले जागा भेटली असती, पन तुही आन मोडली असती, अन् तुह्या तेरवीच्या दिवशी साऱ्या भाऊबंदात तुहं नाव निघालं असतं. म्या दात आवळले. पत्ती उचलाले हात पुढं केला.

खांबाशी संपतकाका टेकून बसले होते. त्यायले आता नीट दिसत नाई. ते म्हनले, "राहू दे सुनबाई. वाजवली तिनं."

मंगरूळचे म्हनले, "कवा?"

"मालेगावच्या बजाराच्या दिवशी. माह्या पायात काटा मोडला, मी अर्ध्या रस्त्यातून लंगडत वापस आलो. गोठ्याच्या भिंतीमांगं टेकलो होतो, तं दादाचा सूर निघाला. मी भेलो. मंग पाठवनीच्या जाग्यावर दम तुटला, तवा समजलं का दादा नाई, वयनी हाये."

"अन् तुमी काई म्हनलं नाई?"

काकानं काठी जवळ ओढली. "सुरात होती ते," म्हनले. "सुरात असलेल्या मान्साले मी काय म्हनू?"

मंग ते उठले, चाचपडत देव्हाऱ्यापाशी गेले, अन् तुही पत्ती त्यायनं आपल्या हातानं मामाजीच्या पत्तीपाशी ठेवली. मंगरूळचे बी हात जोडून जेवाले उठले.

तू किती भेली त्यायले, आत्या. ते अंगनात आले का तू घागरीवर पदर टाके. त्यायले सारं मालूम होतं. म्हनूनच त्यायनं दुसऱ्या कोनाची पत्ती कवा घेतली नाई, मांगितली तं "वयनीच्या हातचीच पाह्यजे" म्हनत. मले वाटे, बुढा हट्टी हाये. तुले हे मालूम पडाले पाह्यजे होतं. येक दिवस तरी आगुदर मालूम पडाले पाह्यजे होतं.

जाताना काका दारात थांबले. म्हनले, "सुनबाई, अनसिंगले लगन हाये. सुराची पत्ती करून ठेव. नीट मिळवून दे."

म्या म्हनलं, "देते काका. घागर भरून ठेवली हाये."

ते काठी टेकत दोन पावलं गेले, मंग मांगं न पाहता म्हनले, "घागर कायले? सनई खुंटीवर हाये."

मान्सं गेल्यावर म्या खुंटीवरून काढली, आत्या. आता माह्या मांडीवर हाये. माह्या हातची पत्ती बसवली, पदर नीट घेतला, अन् तोंडाले लावली. नुसती हवा गेली. तुहीबी पयल्यांदा हवाच गेली होती, मले याद हाये. थांब, परत लावून पाह्यते.